घटक ६ : उन्मादाची ओळख – शब्द, बोलणे आणि बदल

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• 'वेड', 'पिसे' आणि 'उन्माद' या शब्दांच्या अर्थच्छटांतील भेद सांगता येतील.
• द्विध्रुवीय मनोविकारातील उन्मादाची प्रमुख लक्षणे स्पष्ट करता येतील.
• उन्मादावस्थेतील बोलण्याचे विश्लेषण भाषाविज्ञानाच्या संकल्पनांच्या आधारे करता येईल.
• लक्षण आणि स्वभाव, उत्साह, भक्ती, कला यांतील फरक संदर्भ लक्षात घेऊन पारखता येईल.
• अशी लक्षणे दिसल्यास कोणती मदत घ्यावी, हे सांगता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, शब्दाचा अर्थ संदर्भावाचून निश्चित होत नाही, हे आपण मागील घटकांत पाहिले. त्याच तत्त्वाचा उपयोग या घटकात आपण एका वेगळ्या क्षेत्रात करणार आहोत. द्विध्रुवीय मनोविकार, म्हणजे बोलीभाषेत 'बायपोलर', या आजारात माणसाची मनःस्थिती दोन टोकांकडे जाते. एक टोक खोल उदासीनतेचे, म्हणजे विषादाचे. दुसरे टोक अतिरेकी उत्साहाचे किंवा चिडीचे, म्हणजे उन्मादाचे. या दोहोंच्या मध्ये बराच काळ माणूस पूर्णपणे स्वस्थ असू शकतो.

भारतात २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार सुमारे ०.५ टक्के प्रौढांना आयुष्यात केव्हातरी हा आजार होतो. हे प्रमाण दोनशे माणसांत एक असे पडते. एखाद्या मध्यम आकाराच्या गावात अशी काही माणसे असणारच. तरीही उदासीनता जितक्या सहज ओळखली जाते तितक्या सहज उन्माद ओळखला जात नाही. रडणारा, अंथरुणाला खिळलेला माणूस घरच्यांच्या डोळ्यांत भरतो. हसणारा, भरभर बोलणारा, रात्रंदिवस काम करणारा माणूस आजारी आहे, असे कोणाच्याही मनात येत नाही. ते लक्षात येईपर्यंत कधी जमीन विकली गेलेली असते, कधी कर्ज झालेले असते, तर कधी नाते तुटलेले असते.

उन्माद सर्वांत आधी बोलण्यातून प्रकट होतो आणि तो सर्वांत आधी घरच्यांच्या कानांवर पडतो. म्हणून भाषेच्या विद्यार्थ्याला हा विषय परका नाही. या घटकाचे मुख्य प्रतिपादन असे आहे : उन्मादाचे लक्षण एखाद्या सुट्या शब्दात किंवा कृतीत नसते, त्या माणसाच्या स्वतःच्या नेहमीच्या मापापासून झालेल्या, अनेक दिवस टिकलेल्या आणि प्रसंगाशी न जुळणाऱ्या बदलात ते असते.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ 'वेड', 'पिसे' आणि 'उन्माद'

मराठीत 'वेड' हा शब्द किती दूरवर पसरला आहे पाहा. मुलाला क्रिकेटचे वेड असते, वारकऱ्याला विठ्ठलाचे वेड लागते, प्रेमात माणूस वेडा होतो, आई लेकराला लाडाने 'वेडाबाई' म्हणते. मुद्दाम अज्ञान दाखवणाऱ्याविषयी आपण 'वेड पांघरून पेडगावला जाणे' असे म्हणतो; म्हणजे वेड हे पांघरता आणि काढून ठेवता येणारे वस्त्र आहे, असे या वाक्प्रचारात गृहीत धरलेले आहे. दुसरीकडे 'वेड्यांचे इस्पितळ' या शब्दप्रयोगात तोच शब्द माणसाला समाजाबाहेर ढकलतो. एकच शब्द गौरव, लाड, थट्टा आणि बहिष्कार अशी चारही कामे करतो. इतके अर्थ वाहणारा शब्द आजाराचे नाव म्हणून निरुपयोगी ठरतो. 'तो वेडा आहे' या विधानाने काहीच निदान होत नाही. 'तो वेडा नाही' या उत्तराने मात्र उपचार लांबतात.

'पिसे' हा शब्द जुन्या मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्याचे नाते 'पिशाच' या शब्दाशी जोडले जाते. आजच्या मराठीत तो 'पिसाट', 'पिसाळणे' या रूपांत टिकून आहे. महानुभाव वाङ्मयात रिद्धपूरच्या श्रीगोविंदप्रभूंना लोक 'वेडे', 'पिसे' म्हणत, असे उल्लेख येतात. त्यांचे शिष्य श्रीचक्रधरस्वामी यांच्या वेरूळच्या मुक्कामातील लीळा तुम्ही 'लीळाचरित्र' अभ्यासताना पाहिल्या असतील. गोविंदप्रभूंच्या चरित्रात 'पिसे' हा शब्द लोकांच्या तोंडी आश्चर्याचा आहे, तर भक्तांच्या दृष्टीने तो ईश्वरी लीलेचा वाचक आहे. तेराव्या शतकातील या शब्दावरून आज कोणी वैद्यकीय निदान काढू लागला, तर ते भाषादृष्ट्याही चुकीचे ठरेल. शब्द ज्या अर्थव्यवस्थेत वापरला गेला, त्याच व्यवस्थेत तो वाचावा लागतो. हीच शिस्त उलट दिशेनेही पाळली पाहिजे : आजच्या आजारी माणसाच्या वागण्यावर 'देवाचे पिसे' हा जुना अर्थ लादून त्याचे उपचार थांबवू नयेत.

'उन्माद' या शब्दाचेही तीन वेगळे व्यवहार आहेत. नाट्यशास्त्रात भरताने सांगितलेल्या ३३ व्यभिचारी भावांपैकी उन्माद हा एक आहे. तेथे तो येतो आणि जातो, रसाला पुष्टी देतो. वर्तमानपत्रांच्या भाषेत 'विजयाचा उन्माद' किंवा 'धार्मिक उन्माद' म्हणजे मस्ती किंवा बेभानपणा. तेथे शब्दात दोषारोप आहे. मानसोपचारशास्त्रात उन्माद म्हणजे निश्चित लक्षणे आणि निश्चित कालावधी असलेली अवस्था. तेथे ना रस आहे, ना दोषारोप. या घटकात आपण तिसरा अर्थ घेणार आहोत. पहिल्या दोन अर्थांची छाया त्यावर पडू देऊ नये.

६.३.२ चरकसंहितेतील एक सूचक शब्द

चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वातज, पित्तज, कफज, सन्निपातज आणि आगंतू. उन्मादाची व्याख्या करताना तेथे आठ गोष्टींचा विभ्रम सांगितला आहे : मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार. यांतील दोन शब्दांचे अर्थ आज पालटले आहेत. येथील 'भक्ती' म्हणजे आवड, ओढ. 'चेष्टा' म्हणजे शरीराच्या हालचाली, थट्टा नव्हे. या यादीतील उन्माद ही संकल्पना फार विस्तृत आहे. आज वेगवेगळे मानले जाणारे अनेक आजार तीत सामावतात. म्हणून चरकातील उन्माद आणि आधुनिक द्विध्रुवीय विकारातील उन्माद एकच आहेत, असे समीकरण मांडता येणार नाही.

तरीही त्या वर्णनातील एक शब्द आपल्या उपयोगाचा आहे. वातज उन्मादाच्या लक्षणांत हसणे, नाचणे, गाणे, बोलणे, हातवारे करणे यांचा उल्लेख येतो आणि त्यांच्याआधी 'अस्थान' हे पद येते. अस्थानी म्हणजे जेथे प्रसंग नाही तेथे. नाचणे हे लक्षण नाही, अस्थानी नाचणे हे लक्षण आहे. आधुनिक भाषाविज्ञानात ज्याला संदर्भोचितता म्हणतात, तिचाच हा विचार आहे. 'विभ्रम' या शब्दातही हेच सुचवलेले आहे : ढळणे म्हणजे कशापासून तरी ढळणे. त्या माणसाचे शील आधी कसे होते हे ठाऊक असल्यावाचून ते ढळले की नाही, हे सांगता येत नाही. म्हणूनच निदान डॉक्टर करीत असले, तरी त्यासाठी लागणारी सर्वांत मोलाची माहिती घरच्यांजवळ असते.

६.३.३ उन्मादाची प्रमुख लक्षणे

आजाराचे आधुनिक वर्गीकरण १८९९ साली जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी उन्माद आणि विषाद या दोन अवस्था एकाच आजाराच्या मानून मांडले. आज वापरात असलेल्या निकषांनुसार मनःस्थिती असाधारणपणे उल्हसित किंवा चिडखोर झालेली असावी, त्याबरोबर अंगातील शक्ती व हालचाल वाढलेली असावी आणि हे किमान एक आठवडा, जवळजवळ दररोज, दिवसाचा बहुतांश वेळ टिकावे. रुग्णालयात दाखल करण्याइतकी तीव्रता असेल, तर कालावधीची अट उरत नाही. याच्या जोडीला पुढील लक्षणांपैकी किमान तीन, आणि मनःस्थिती केवळ चिडखोर असेल तर किमान चार, दिसावी लागतात :

(१) स्वतःविषयी अवास्तव मोठेपणाची भावना
(२) झोपेची गरजच कमी होणे
(३) नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक आणि न थांबणारे बोलणे
(४) विचारांची धाव
(५) लक्ष क्षणोक्षणी विचलित होणे
(६) कामांचा, योजनांचा, भेटीगाठींचा अतिरेक किंवा निरर्थक येरझारा
(७) परिणामांची तमा न बाळगता खर्च, व्यवहार, प्रवास, लैंगिक वर्तन

यांतील दुसऱ्या लक्षणाविषयी नेहमी गोंधळ होतो. निद्रानाश झालेल्या माणसाला झोप हवी असते, पण येत नाही. दुसऱ्या दिवशी तो थकलेला असतो. उन्मादात दोन-तीन तासांची झोप पुरते आणि सकाळी माणूस ताजातवाना असतो. घृष्णेश्वराच्या यात्रेत महाशिवरात्रीला रात्रभर जागणारा भाविक दुसऱ्या दुपारी ओसरीवर आडवा होतो. त्या जागरणानंतर चौथ्या, पाचव्या दिवशीही जो झोपत नाही आणि त्याला झोप नकोही वाटते, त्याच्याकडे लक्ष द्यावे. ज्यांना हा आजार आहे त्यांच्या बाबतीत जागरण स्वतःच उन्मादाला निमित्त होऊ शकते, हेही लक्षात ठेवावे.

हीच लक्षणे सौम्य असून किमान चार दिवस टिकली आणि दैनंदिन व्यवहार फारसे बिघडले नाहीत, तर त्या अवस्थेला अल्पोन्माद म्हणतात. काही वेळा उन्माद आणि विषाद यांची लक्षणे एकाच वेळी दिसतात. माणूस अस्वस्थ धावपळ करतो आणि त्याच दमात मरणाची भाषा बोलतो. ही मिश्र अवस्था विशेष धोक्याची असते. उन्माद तीव्र झाला, तर आपल्याला दैवी शक्ती लाभली आहे किंवा कोणी आपल्या मागावर आहे, असे भ्रमही निर्माण होतात.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) चरकसंहितेच्या संदर्भात 'चेष्टा' या शब्दाचा अर्थ सांगा.
(आ) निद्रानाश आणि झोपेची गरज कमी होणे यांतील फरक एका वाक्यात लिहा.
(इ) उन्मादाच्या निदानासाठी मनःस्थितीतील बदल सामान्यतः किमान किती काळ टिकावा लागतो?

६.३.४ एक उदाहरण : वेरूळचा गाईड

पुढील उदाहरण अभ्यासासाठी रचलेले आहे. ते कोणा एका व्यक्तीचे नाही. उदाहरणासाठी गाईडचा व्यवसाय मुद्दाम निवडला आहे, कारण भरपूर बोलणे हाच त्याचा चरितार्थ असतो. 'फार बोलतो' या निकषावर त्याचा आजार ओळखता येणार नाही.

वेरूळच्या ३४ लेण्यांत पर्यटकांना हिंडवणारा पस्तिशीतला एक गाईड आहे. सोळाव्या लेण्यातील कैलास तो रोज दाखवतो. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, वरून खाली कोरत आणलेला एकसंध खडक, कोकस शिल्प्याची दंतकथा असा त्याचा क्रम ठरलेला असतो. ठरलेल्या जागी तो विनोद करतो, हशासाठी थांबतो, प्रश्न आला की उत्तर देतो आणि सोडलेला धागा पुन्हा उचलतो. लेणी मंगळवारी बंद असतात; त्या दिवशी तो शेतात जातो आणि तेथे फारसा बोलत नाही. हे त्याचे नेहमीचे माप झाले.

हिवाळ्यात, गर्दीच्या दिवसांत, तो अधिक रंगून बोलू लागतो. पर्यटक खूश होतात, बक्षिसी वाढते, घरात म्हणतात, 'यंदा पोराचं नशीब उघडलं.' तो पहाटे तीनला उठून वहीत नकाशे काढतो. मंगळवारीही बंद लेण्यांच्या फाटकाशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला माहिती सांगतो. आठवड्याभरात तो म्हणू लागतो की कोकसानंतर कैलास समजलेला माणूस मीच, आणि आता डोंगराच्या पलीकडच्या अंगाला दुसरा कैलास मी उभारणार. घरात आलेले अद्रकाचे पैसे तो आगाऊ म्हणून कारागिरांना देऊन टाकतो, सावकाराकडून व्याजाने आणखी उचलतो. थोरल्या भावाने हटकले तेव्हा तो त्याच्या अंगावर धावून जातो. ज्या वडिलांना तो जन्मभर 'तुम्ही' म्हणत आला, त्यांना चारचौघांत म्हणतो, 'तू गप बस, तुला काय कळतं?'

या कथनात आजार कोठे सुरू झाला? बहुतेक वाचक भावाच्या अंगावर धावून जाण्याकडे बोट दाखवतील. वस्तुतः पहाटेच्या नकाशांपाशी आणि मंगळवारच्या फाटकापाशी तो सुरू झालेला होता. तेव्हा तो यशाच्या रूपात आला, म्हणून ओळखला गेला नाही. उन्मादाचे पहिले दिवस पुष्कळदा सर्वांना हवेसे वाटतात, आजारी माणसाला तर फारच. 'मला इतके बरे आयुष्यात कधी वाटले नव्हते' असे जो म्हणतो, तो आपण होऊन डॉक्टरकडे जाणार नाही. आजाराची जाणीव नसणे हाही या आजाराचा भाग असतो. तो हट्ट नव्हे.

६.३.५ बोलण्याचे विश्लेषण

(अ) वेग. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ नॅन्सी अँड्रियासन यांनी १९७९ साली मनोविकारांतील बोलण्याच्या वर्णनासाठी एक मापनश्रेणी प्रसिद्ध केली. मानसोपचाराकडे वळण्यापूर्वी त्यांनी इंग्रजी साहित्यात डॉक्टरेट मिळवली होती, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मिनिटाला १५० शब्दांहून अधिक वेगाचे बोलणे 'दाबाचे बोलणे' समजावे, असा ढोबळ निकष त्यांनी दिला. तो इंग्रजीसाठी आहे. मराठीला तसाच लावता येणार नाही. 'घरातल्यांनीसुद्धा' हा मराठीत एक शब्द आहे. त्याचा इंग्रजी अनुवाद करायला चार-पाच शब्द लागतात. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येत असल्यामुळे मराठीत शब्दसंख्या कमी भरते. म्हणून घड्याळ लावून शब्द मोजण्यापेक्षा त्या व्यक्तीचा कालचा वेग आणि आजचा वेग यांची तुलना करणे अधिक विश्वसनीय ठरते.

(आ) पाळी. संभाषणात बोलणारे आळीपाळीने बोलतात. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांनी १९७४ साली या व्यवस्थेचे नियम मांडले. वाक्याच्या शेवटी वक्ता किंचित थांबतो, ऐकणारा 'हं', 'बरं', 'असं होय' म्हणतो किंवा स्वतः बोलू लागतो. उन्मादात ही फट मिटते. वाक्य संपण्यापूर्वीच पुढचे सुरू होते. मध्येच अडवले तरी प्रवाह थांबत नाही. आपला गाईड पूर्वी हशासाठी थांबत असे, आता थांबत नाही. वेगापेक्षा हा बदल घरच्यांच्या लवकर लक्षात येतो, कारण त्यांची स्वतःची पाळी हरवलेली असते.

(इ) जोडणी. विचारांची धाव बोलण्यात कशी उतरते, हे पुढील कल्पित नमुन्यावरून पाहा :

"बघा साहेब, हा हत्ती. हत्तीला सोंड, सोंडेवर तोंड, तोंड गोड करा, गुळाचा भाव काय, भाव तिथं देव, देवगिरी इथून अर्ध्या तासावर, देवगिरी मीच घेणार, कागद तयार आहेत."

या बोलण्यात दुवे आहेत, ते निरर्थक नाही. 'सोंड–तोंड' हा ध्वनिसाम्याचा दुवा आहे. 'तोंड–तोंड गोड करणे' हा वाक्प्रचाराचा आहे. 'गोड–गूळ' हा अर्थक्षेत्राचा आहे. 'भाव' या शब्दात किंमत आणि श्रद्धा असे दोन अर्थ आहेत. वक्ता एका अर्थावरून शब्दात शिरला आणि दुसऱ्या अर्थाने बाहेर पडला. 'देव–देवगिरी' येथे पुन्हा ध्वनी आला. प्रत्येक दोन पावलांमधील वाट दिसते, पण संपूर्ण वाट कोठेच पोहोचत नाही. वाक्याची निवड विषयावरून होण्याऐवजी आधीच्या शब्दाच्या नादावरून होऊ लागते.

यमक, श्लेष आणि अनुप्रास यांत रमलेल्या मराठी श्रोत्याला असे बोलणे प्रतिभेचे वाटण्याचा संभव आहे. फरक कोठे आहे? कीर्तनकारही एका शब्दावरून दुसऱ्यावर जातो, कोटी करतो, आख्यानात शिरतो. परंतु तो मूळ अभंगाकडे परत येतो. कीर्तनातील भटकंतीला परतीची वाट असते आणि ती वक्त्याच्या ताब्यात असते. उन्मादातील भटकंतीत परत येणे घडत नाही आणि 'आपण कशाविषयी बोलत होतो?' असे विचारले, तर चीड येते.

मात्र तुटक जोडणी केवळ उन्मादातच आढळते असे नाही. छिन्नमनस्कतेत म्हणजे स्किझोफ्रेनियातही ती दिसते. विस्कळीत बोलण्याचे अनेक प्रकार या दोन्ही आजारांत आढळतात, असे अँड्रियासन यांच्या अभ्यासात दिसून आले. म्हणून बोलण्याच्या नमुन्यावरून आजाराचे नाव ठरवणे हे आपले काम नव्हे. बदलाची नेमकी नोंद करणे हे आपले काम आहे.

(ई) सर्वनामे आणि क्रियारूपे. मराठीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांची निवड नात्यावर आणि प्रसंगावर अवलंबून असते. वडीलधाऱ्यांना 'तू' म्हणणे हे स्वतःत लक्षण नाही. अनेक घरांत ती रीतच असते. पण जेथे जन्मभराची रीत 'तुम्ही'ची होती तेथे ती अचानक मोडली, अनोळखी अधिकाऱ्याला एकेरी हाक गेली किंवा 'मी'च्या जागी 'आम्ही ठरवले आहे' असे येऊ लागले, तर सामाजिक बंधनांचे भान सैल झाल्याची ती खूण असू शकते. त्याचप्रमाणे 'जमलं तर पाहू', 'करावं म्हणतो' अशी संदेह किंवा इच्छा दर्शवणारी रूपे मागे पडून 'करणारच', 'होणारच' अशी निश्चयार्थी रूपे आणि आज्ञार्थ वाढतो. येथेही कसोटी एकच आहे : त्या माणसाचे आधीचे बोलणे.

६.३.६ लक्षणांसारखे दिसणारे, पण लक्षण नसलेले

लग्नघरातील धावपळ, निवडणुकीतील प्रचार, परीक्षेआधीचे जागरण, नव्या धंद्याचा हुरूप यांत उत्साह वाढतो. पण कारण सरले की तो ओसरतो, थकवा येतो आणि माणूस सल्ला ऐकू शकतो. अंगात येण्याच्या प्रसंगालाही स्थळ, काळ आणि शेवट असतो. आरती संपल्यावर ती व्यक्ती घरच्या कामाला लागते. जे स्थळकाळाच्या मर्यादेत राहते ते सांस्कृतिक वर्तन. जे ती मर्यादा ओलांडून दिवसेंदिवस वाढते आणि नुकसान करते, त्याची तपासणी करावी.

उलटपक्षी, उन्मादासारखी अवस्था इतर कारणांनीही येते. थायरॉइड ग्रंथीचा अतिस्राव, स्टेरॉइड औषधे आणि अमली पदार्थ ही त्यांतील काही कारणे होत. उदासीनतेसाठी दिलेल्या औषधांनंतर उन्माद उसळल्याचेही दिसते. म्हणून नैराश्यासाठी डॉक्टरकडे जाताना पूर्वीचे 'फार उत्साहाचे' दिवस आवर्जून सांगावेत. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे या दृष्टीने नाजूक असतात; नव्या आईची झोप आणि बोलणे अचानक पालटले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) 'भाव' या शब्दावरून झालेली विषयांतराची उडी कोणत्या भाषिक गुणामुळे शक्य झाली?
(आ) मिनिटाला १५० शब्दांचा निकष मराठीला जसाच्या तसा का लावता येत नाही?

६.३.७ ओळखल्यानंतर

पहिली गोष्ट म्हणजे नोंद. साध्या वहीत तारीखवार लिहावे : किती वाजता झोपला, किती वाजता उठला, किती खर्च केला, कोणाशी भांडला, बोलण्यातील कोणती वाक्ये वेगळी वाटली. 'वेड्यासारखा वागतो' हे वाक्य डॉक्टरांच्या उपयोगाचे नाही. 'सोमवारपासून रात्री तीन तासच झोपतो, गुरुवारी न विचारता कर्ज काढले' हे वाक्य उपयोगाचे आहे. विशेषणाऐवजी क्रियापद लिहिण्याची ही सवय भाषेचा विद्यार्थी सहज लावू शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आपले बोलणे. त्याच्या भव्य योजनांशी वाद घालू नये, त्यांची थट्टा करू नये आणि त्यांना होकारही देऊ नये. लहान वाक्ये, शांत स्वर, एका वेळी एकच मुद्दा ठेवावा. 'तुझं डोकं फिरलंय' यापेक्षा 'पाच रात्री तुझी झोप झाली नाही, आपण झोपेसाठी डॉक्टरांना विचारू' हे वाक्य स्वीकारले जाण्याची शक्यता अधिक असते, कारण त्यात आरोप नाही. मोठे आर्थिक व्यवहार, कागदांवरच्या सह्या आणि वाहन चालवणे शक्य तितके पुढे ढकलावे.

तिसरी गोष्ट म्हणजे उपचार. वेरूळपासून सुमारे ३० किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात, म्हणजे 'घाटी'त, मनोविकृतिशास्त्र विभाग आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखालीही शासकीय सेवा मिळते. राज्यात ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेली-मानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल, तर वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात न्यावे किंवा ११२ क्रमांकावर मदत मागावी. बांधून ठेवणे, मारहाण करणे, भूत उतरवण्यासाठी छळ करणे हे उपचार नव्हेत. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे आणि भूत उतरवण्याच्या निमित्ताने मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

हा आजार औषधांनी आटोक्यात राहतो. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा परिणाम दाखवला. ते औषध आजही वापरले जाते. त्याचे रक्तातील प्रमाण वेळोवेळी तपासावे लागते. शरीरातील पाणी कमी झाले तर हे प्रमाण धोकादायकरीत्या वाढू शकते. म्हणून मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, जुलाब-उलट्या झाल्यास किंवा निर्जळी उपवास करण्याआधी डॉक्टरांना विचारले पाहिजे. बरे वाटू लागले म्हणून गोळ्या मनाने बंद करू नयेत.

शेवटी एका विशेष लेखनप्रकाराची ओळख करून घेऊ. २०१७ च्या वरील अधिनियमाने प्रौढ व्यक्तीला आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा हक्क दिला आहे. पुढे आजारामुळे निर्णयक्षमता गेली, तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत आणि आपला प्रतिनिधी कोण असावा, हे माणूस स्वस्थ असताना ठरलेल्या पद्धतीने लिहू शकतो. असा मजकूर तयार करायला रुग्णाला नेमके, संदिग्धता नसलेले मराठी लिहून देणारा सहृदय माणूस लागतो. तुम्ही घेत असलेल्या शिक्षणाचा असाही उपयोग आहे.

६.४ सारांश

'वेड' हा शब्द अनेकार्थी असल्यामुळे आजाराची ओळख पटवण्यास असमर्थ आहे. 'पिसे' आणि 'उन्माद' हे शब्द ज्या व्यवहारात आले, त्या व्यवहाराच्या संदर्भातच वाचले पाहिजेत. उन्मादात मनःस्थिती उल्हसित किंवा चिडखोर होते, शक्ती वाढते, झोपेची गरज घटते, बोलणे थांबत नाही, विचार धावतात आणि परिणामांची तमा राहत नाही. बोलण्यात हा बदल वेग, पाळी, जोडणी आणि सर्वनामे व क्रियारूपे या चार अंगांनी टिपता येतो. प्रत्येक अंगासाठी कसोटी एकच आहे : बदल त्या माणसाच्या स्वतःच्या मापापासून झालेला आहे का, तो टिकला आहे का आणि तो अस्थानी आहे का. आरंभीचा उन्माद यशासारखा दिसतो, म्हणून ओळख लवकर होणे अगत्याचे आहे. निदान डॉक्टरांनी करायचे. नेमकी नोंद, सौम्य भाषा आणि वेळेवर मदत ही जबाबदारी घरच्यांची.

६.५ पारिभाषिक शब्द

द्विध्रुवीय मनोविकार : उन्माद आणि विषाद अशा दोन टोकांच्या अवस्था आळीपाळीने येणारा आजार.
अल्पोन्माद : उन्मादाची सौम्य अवस्था.
दाबाचे बोलणे : अडवूनही न थांबणारे, वेगवान बोलणे.
विचारांची धाव : एका विचारावरून दुसऱ्यावर, दुवे राखून पण उद्दिष्टावाचून, वेगाने जाणे.
आगाऊ निर्देश : भावी उपचारांविषयी स्वस्थ अवस्थेत लिहून ठेवलेली इच्छा.

६.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) शरीराच्या हालचाली. (आ) निद्रानाशात झोप हवी असून येत नाही व थकवा राहतो. उन्मादात थोड्या झोपेवरही माणूस ताजातवाना असतो. (इ) एक आठवडा.
प्रश्न २ : (अ) अनेकार्थतेमुळे. (आ) मराठीत प्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येत असल्याने शब्दसंख्या कमी भरते.

६.७ सरावासाठी स्वाध्याय

(१) 'उन्मादाचे लक्षण कृतीत नसून बदलात असते' या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
(२) कीर्तनातील विषयांतर आणि उन्मादातील विषयांतर यांची तुलना करा.
(३) जुन्या वाङ्मयातील 'पिसे'सारख्या शब्दांवरून वैद्यकीय निदान करण्यातील अडचणी स्पष्ट करा.

६.८ क्षेत्रीय कार्य

तुमच्या परिसरात मनोविकारांविषयी कोणकोणते शब्द आणि वाक्प्रचार वापरले जातात, त्यांची यादी करा. प्रत्येकासमोर तो कोण, कोणाविषयी आणि कोणत्या सुरात वापरतो ते लिहा. कोणाही व्यक्तीचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील लिहू नये. यादीतील कोणते शब्द वापरले तर आजारी माणसाला मदत मागणे सोपे होईल आणि कोणत्या शब्दांमुळे ते अवघड होईल, यावर सुमारे ३०० शब्दांत टिपण लिहा.